हँड गिअरची ढिलाई: जुन्या गाडीच्या स्टिअरिंगवरच्या गिअर लिंकेजची तपासणी आणि सेटिंग

पद्मिनी किंवा जुनी अ‍ॅम्बेसेडर नव्याने हातात घेतलेल्यांची तक्रार बहुतेक वेळा एकच असते: गिअर सापडत नाही. दुसरा टाकायला जावं तर चौथा पडतो, रिव्हर्ससाठी लिव्हर नुसताच हवेत फिरतो, पहिला लागतो पण सिग्नल सुटला की उडतो. गॅरेजमध्ये गाडी नेली की निदानही ठरलेलं, ‘बॉक्स (गिअरबॉक्स) खोलावा लागेल.’ बॉक्स उतरवण्याआधी त्याच्या बाहेरचे जोड तपासा, असं आमचं ठाम म्हणणं आहे. हातातल्या मुठीपासून बॉक्सपर्यंत आठ-दहा सांधे असतात. प्रत्येक सांधा थोडा थोडा घासलेला असतो आणि ती सगळी ढिलाई एकत्र होऊन मुठीपाशी पोचते. त्या सांध्यांचे बुश, म्हणजे पिन किंवा नळी जिच्यात फिरते ती कडी, लेथवर करून घेण्याचा खर्च बॉक्स उतरवण्याच्या मजुरीपुढे किरकोळ आहे.

स्टिअरिंगवरचा गिअर, आपल्याकडच्या बोलीत हँड गिअर, १९३८च्या सुमारास अमेरिकन गाड्यांत आला. कारण साधं होतं: फरशीवरचा दांडा गेला की पुढच्या सलग बाकावर तिसरा माणूस बसतो. आपल्याकडे डुक्कर या टोपणनावाची त्याआधीची फियाट, १९६४पासूनची फियाट ११०० डिलाइट आणि १९७४पासून पद्मिनी म्हणून विकली गेलेली तीच गाडी, आणि जुन्या अ‍ॅम्बेसेडर, या सगळ्यांत तो होता. काळी-पिवळी पद्मिनी ऑक्टोबर २०२३च्या अखेरीस मुंबईच्या रस्त्यांवरून गेली. ठाणे-नवी मुंबईतल्या सोसायट्यांच्या पार्किंगमध्ये कव्हरखाली जपलेल्या खासगी गाड्या मात्र अजून आहेत. हा लेख त्या गाड्यांसाठी आहे.

आत काय चालतं

लिव्हर दोन वेगळ्या हालचाली करतो, आणि त्या डोक्यात वेगळ्या ठेवल्या तरच पुढचं सगळं समजतं.

पहिली हालचाल म्हणजे लिव्हर आपल्याकडे ओढणं किंवा डॅशबोर्डकडे ढकलणं. लिव्हर कॉलमवरच्या ब्रॅकेटमध्ये एका पिनेवर झुलतो. त्यामुळे ही हालचाल केली की स्टिअरिंग कॉलमला समांतर बसवलेली शिफ्टची नळी, काही गाड्यांत भरीव दांडी, आपल्या अक्षावर थोडी वर किंवा खाली सरकते. याने रांग ठरते: पहिला-दुसरा, तिसरा-चौथा की रिव्हर्स. दुसरी हालचाल म्हणजे लिव्हर वर-खाली करणं. याने तीच नळी स्वतःभोवती फिरते, आणि ठरलेल्या रांगेतला एक गिअर प्रत्यक्ष लागतो.

नळीच्या खालच्या टोकाला, इंजिनाच्या खोलीत, या दोन हालचाली दोन वेगळ्या रॉडवर जातात. सरकण्याची हालचाल घेणारा तो सिलेक्टर रॉड. फिरण्याची घेणारा तो शिफ्ट रॉड. हे दोन रॉड बॉक्सवरच्या दोन बाहेरच्या आर्मना जोडलेले असतात. एक आर्म बॉक्समधल्या बोटाला योग्य फोर्कसमोर, म्हणजे गिअर सरकवणाऱ्या काट्यासमोर, नेऊन उभं करतो, दुसरा ते बोट फिरवून फोर्क ढकलतो. आत स्प्रिंग आणि गोळीचा खटका असतो, तो गिअर लागल्याची ‘टक’ देतो. शिवाय इंटरलॉक असतो, म्हणजे एकाच वेळी दोन गिअर लागू शकत नाहीत. वाटेत काही मॉडेलांत एखादा काटकोनी आर्म येतो. त्यालाही स्वतःचा बुश असतोच, आणि तपासणीत नेमका तोच विसरला जातो.

एक स्प्रिंग लिव्हरला सतत एका बाजूला ढकलत असते. चार गिअरच्या बहुतेक गाड्यांत मोकळा सोडलेला लिव्हर तिसऱ्या-चौथ्याच्या रांगेत येऊन थांबतो. ही स्प्रिंग तुटली किंवा गंजून ढिली पडली की लिव्हर कुठल्या रांगेत आहे हे हाताला कळेनासं होतं. तक्रार ‘गिअर सापडत नाही’ अशीच येते आणि लोक उगाच रॉड आवळत बसतात. रिव्हर्सकडे चुकून हात जाऊ नये म्हणून तिथे वेगळा अडथळा किंवा जास्त ताठ स्प्रिंग असते. रिव्हर्स कुठल्या दिशेला आहे ते मॉडेलप्रमाणे बदलतं, म्हणून काम सुरू करण्याआधी आपल्या गाडीचा नकाशा कागदावर काढून ठेवा.

या सगळ्या रचनेत एक मूळचीच अडचण आहे. कॉलम बॉडीला घट्ट बसवलेला असतो, तर इंजिन आणि बॉक्स रबरी माउंटिंगवर डुलत असतात. लिंकेज या दोघांमधला पूल आहे. माउंटिंगचं रबर मेलं असेल तर क्लच सोडताना इंजिन कलतं, त्याबरोबर बॉक्सवरचे आर्म सरकतात आणि रॉड गिअरला बाहेर ओढतात. ‘पिकअप घेतला की पहिला उडतो’ या तक्रारीच्या मुळाशी हेही असू शकतं.

ढिलाईचा हिशोब

समजा मूठ नळीच्या मध्यापासून २५ सेंटिमीटरवर आहे आणि नळीच्या खालचा आर्म ५ सेंटिमीटरचा. प्रमाण झालं पाचास एक. खालच्या चार सांध्यांत प्रत्येकी अर्धा मिलिमीटर ढिलाई असेल तर एकूण २ मिलिमीटर, आणि मुठीपाशी ती १० मिलिमीटर होऊन दिसते. त्यात लिव्हरची पिन आणि वरच्या बुशची ढिलाई मिळवली की मूठ दीड-दोन सेंटिमीटर नुसतीच हलते. आपल्या गाडीची लांबी टेपने मोजा आणि हाच हिशोब करा. कुठला सांधा किती खातो हे कळलं की कामाचा क्रम आपोआप ठरतो.

त्यातून दुसरी गोष्ट निघते. रॉडवरचा ॲडजस्टिंग नट हालचालीचा मध्यबिंदू सरकवतो, एकूण हालचाल वाढवत नाही. तिसरा अर्धवट लागतो म्हणून नट फिरवला तर तिसरा सुधारेल आणि चौथा बिघडेल. दोन्ही टोकांना हालचाल कमी पडत असेल तर ती ढिलाईत चाललेली आहे, आणि ती फक्त बुश आणि पिना बदलूनच परत मिळते.

दोष कुठे आहे

सपाट जागा घ्या. सोसायटीच्या पेव्हर ब्लॉकवर जॅक खचतो, तेव्हा जॅक आणि स्टँड दोन्हींखाली १८ मिलिमीटर प्लायवूडचा तुकडा ठेवा. हँडब्रेक ओढा आणि जमिनीवर राहणाऱ्या चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे लावा, कारण या कामात गाडी बराच वेळ न्यूट्रलमध्ये असते. फक्त जॅकवर उभ्या गाडीखाली शिरायचं नाही. बॅटरीची निगेटिव्ह तार काढा. हॉर्नची तार कॉलममधूनच जाते, आणि पान्याचं टोक कुठेतरी टेकून ठिणगी उडणं नेहमीचं आहे.

इंजिन बंद ठेवून एकाने आत बसून लिव्हर अगदी सावकाश हलवायचा, दुसऱ्याने बॉनेटमधून आणि मग खालून टॉर्च मारून बघायचं. आधी फक्त पुढे-मागे, मग फक्त वर-खाली. प्रत्येक सांध्यापाशी थांबा. अलीकडचा भाग हलला आणि पलीकडचा उशिरा हलला तर तिथे ढिलाई आहे. त्या सांध्यावर खडूने खूण करा. डॅशबोर्डखालचे कॉलम ब्रॅकेटचे बोल्टही पाहा. ते सैल असतील तर लिव्हर ओढल्यावर आख्खा कॉलमच डुलतो, आणि मग खालचं कितीही चांगलं करा, उपयोग नाही.

यानंतरची चाचणी निर्णायक आहे आणि ती कुणीही टाळू नये. दोन्ही रॉड बॉक्सच्या आर्मपासून सोडवा. तत्पूर्वी मोबाइलवर चार बाजूंनी फोटो घ्या, आणि लॉक नटच्या बाहेर किती आटे दिसतात ते मोजून लिहा. आता बॉक्सवरचे आर्म हाताने हलवा. सिलेक्टर आर्म एका टोकाकडून दुसऱ्याकडे जायला हवा. शिफ्ट आर्म प्रत्येक रांगेत दोन्ही बाजूंना स्पष्ट ‘टक’ देऊन बसायला हवा आणि मध्ये न्यूट्रल नीट जाणवायला हवं. एखादा गिअर बसला नाही तर लगेच निष्कर्ष काढू नका. दात दातावर आले असतील, गाडी बोटभर ढकलून पुन्हा बघा. सगळे गिअर हाताने स्वच्छ लागत असतील तर निवड आणि खटक्यांत दोष नाही, दोष बाहेर आहे. हातानेही टक येत नसेल, किंवा आर्म अडकत असेल, तर मात्र खटक्याची स्प्रिंग, फोर्क किंवा शाफ्ट बघायला बॉक्स उघडावा लागेल.

काही तक्रारी लिंकेजच्या नसतातच. उभ्या गाडीत पहिला किंवा रिव्हर्स टाकताना ‘खर्र’ होत असेल तर क्लच पूर्ण सुटत नाही असा संशय घ्या. या जुन्या चार-गिअरच्या बॉक्समध्ये सिंक्रो, म्हणजे गिअर लागण्याआधी दोन्ही भागांचा वेग सारखा करणारी रचना, दुसऱ्या, तिसऱ्या आणि चौथ्याला असतो, पहिल्याला नसतो. क्लच दाबून आधी दुसऱ्यात हलकेच टेकवायचं आणि मग पहिला घ्यायचा, ही जुन्या टॅक्सीवाल्यांची सवय याच कारणाने होती. चालत्या गाडीत पहिला टाकायचा अट्टाहास करून मग लिंकेजला दोष देणारेही भेटतात, त्यांना काय सांगावं.

इंजिन माउंटिंग तपासायचं असेल तर रॉड पुन्हा जोडून, बॅटरी लावून, गाडी चारही चाकांवर उभी करून बघा. पुढे कोणी उभं नको. हँडब्रेक आणि पायाचा ब्रेक दाबून दुसऱ्या गिअरमध्ये क्लच किंचित उचला, गाडी ताण घेऊ लागली की थांबा. इंजिन बोटभर कललं आणि त्याबरोबर लिव्हरही सरकला तर माउंटिंग आधी बदला. जुन्या माउंटिंगवर केलेली सेटिंग नव्यावर टिकत नाही, त्यामुळे हा क्रम उलटा करता येत नाही.

सामान

पद्मिनीला मिलिमीटरचे पाने चालतात, अ‍ॅम्बेसेडरला इंची. बोल्टची डोकी गोल झालेली अर्धी जुनी गाडी ही दोन्ही पाने एकमेकांच्या जागी वापरल्याचा पुरावा असते. याशिवाय पक्कड, सर्क्लिप पक्कड, व्हर्नियर, सपाट कानस, तारेचा ब्रश, २ आणि ३ मिलिमीटरच्या नव्या स्प्लिट पिनांचा (टोकं वाकवून अडकवायच्या दुपाखी पिना) पुडा, जाड-पातळ वॉशर आणि लिथियमचं साधं एमपी (मल्टिपर्पज) ग्रीस, क्रमांक २. धुण्यासाठी रॉकेल आता सहज मिळत नाही, डिझेल चालतं. मात्र क्लच हायड्रॉलिक असेल तर त्याच्या रबरावर डिझेल जाऊ देऊ नका, ते रबर फुगतं. जवळून जाणाऱ्या ब्रेकच्या होजनाही हाच नियम.

तयार बुश आणि रॉड-एंड मिळाले तर उत्तम. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरच्या जुन्या सुट्या भागांच्या बाजारात पूर्ण कॉलम निघालेला मिळू शकतो, पण तोही घासलेलाच असणार हे धरून चला. तो आर्म आणि ब्रॅकेटसाठी घ्यायचा, बुशसाठी नव्हे. बुश लेथवर करून घेणं जास्त बरं. वागळे इस्टेट किंवा रबाळे-तुर्भेच्या बाजूला छोटी कामं घेणारे टर्नर आहेत. त्यांच्याकडे नुसता जुना बुश घेऊन जाऊ नका, तो घासलेला आहे आणि टर्नर त्याचंच माप घेईल. बुश ज्यात बसतो तो भाग आणि बुशात फिरणारी पिन, दोन्ही सोबत न्या.

कशाचा बुश करायचा? वजन पेलणाऱ्या आणि उष्णतेजवळच्या जागी गनमेटल, उदाहरणार्थ खालच्या ब्रॅकेटमध्ये आणि काटकोनी आर्ममध्ये. वरच्या बाजूला, केबिनच्या आत, प्लॅस्टिकचा चांगला, कारण तो वाजत नाही. पण तिथे साधं नायलॉन वापरू नका. नायलॉन हवेतला ओलावा शोषून फुगतं. मे महिन्यात बोटाने फिरणारी नळी जुलैत जड होते, आणि खाडीकाठच्या हवेत तर हे हमखास होतं. डेल्रिन या दुसऱ्या प्लॅस्टिकला हा त्रास फार कमी आहे. टर्नरला सांगायचं माप असं: गनमेटलच्या आतल्या भोकात पिनेपेक्षा ०.०५ मिलिमीटर जागा, डेल्रिनला ०.१० ते ०.१५. बाहेरून बुश दाबून बसणार असेल तर तो ज्या भोकात बसतो त्यापेक्षा साधारण ०.०५ मिलिमीटर मोठा. दाबल्यावर आतलं भोक किंचित आवळतं, म्हणून बसवल्यानंतर रीमर (भोक नेमक्या मापाला आणायचं हत्यार) फिरवायची तयारी ठेवा.

ढिलाई काढणं

खालून वर या. बॉक्सजवळचे सांधे सर्वांत जास्त चिखल खातात आणि काढायलाही सोपे असतात.

रॉडच्या टोकाशी दोन प्रकार भेटतात. पहिला म्हणजे काटा आणि त्यातून आरपार जाणारी पिन, टोकाला स्प्लिट पिन. पिन बाहेर काढून मधला आणि टोकाचा व्यास व्हर्नियरने मोजा. टोक न घासलेलं असतं, मधला भाग खाल्लेला. फरक ०.१ मिलिमीटरच्या वर असेल तर पिन बदला. मग आर्मचं भोक पाहा. ते बहुतेक अंड्यासारखं लांबट झालेलं असतं, आणि नवी पिन लांबट भोकात घातली तर काहीच साधत नाही. दोन उपाय आहेत: भोक रीमरने एक माप वाढवून जाड पिन घालणं, किंवा वेल्डिंगने भरून पुन्हा ड्रिल करणं. आर्मची कड पातळ असेल तर दुसराच करा. वेल्डिंग करताना आर्म गाडीतून काढलेला हवा. बॉक्सवर असताना वेल्डिंग केलं तर शाफ्टचं ऑइल सील जळतं आणि नवीन गळती मागे लागते.

दुसरा प्रकार म्हणजे बॉल आणि सॉकेट. आत छोटी स्प्रिंग असते, ती मेली की रॉड उसळून निघू शकतो. उघडून धुवा. बॉलला एका बाजूला चपटा भाग आलेला असेल तर बदलण्याला पर्याय नाही. स्प्रिंगखाली वॉशर सरकवून ती ताणण्याची युक्ती चालते, पण ती घरी पोचण्यापुरती समजा.

मग नळीचा खालचा ब्रॅकेट. इथला बुश एका बाजूने जास्त झिजतो, कारण दोन्ही रॉड नळीला एकाच दिशेने ओढतात. नळी बोटाने आडवी हलवा. हलली तर बुश गेला. नळी काढताना वरून लिव्हरची पिन आणि स्प्रिंग, खालून आर्म आणि सर्क्लिप असा क्रम ठेवा. आर्म नळीवर चावी किंवा दातांनी बसत असेल तर दोघांवर पंचने एक एक ठिपका मारा. एका दाताने चुकीचा बसलेला आर्म तासभर सेटिंग करूनही जुळत नाही, आणि चूक कुठे झाली ते शेवटपर्यंत लक्षात येत नाही. बाहेर आलेली नळी काचेवर लोळवून सरळ आहे का ते बघा. समोरून ठोकलेल्या गाडीत ती वाकलेली असू शकते.

वरच्या बुशला आमच्या मते नेहमी गरजेपेक्षा कमी लक्ष दिलं जातं. चालवताना येणारी खडखड बहुतेक इथली असते. लिव्हरची पिन, तिच्यावरची वाकडी वॉशर किंवा कंपन रोखणारी छोटी स्प्रिंग, आणि बुश, तिन्ही एकत्रच बदला. इथे ग्रीस अगदी पातळ लावा. थापलेलं ग्रीस उन्हात वितळून स्टिअरिंगखालून पँटवर टपकतं.

सगळं बसवल्यावर रॉड न जोडता लिव्हर हलवा. नळी दोन बोटांच्या जोराने फिरायला आणि सरकायला हवी, आणि सोडल्यावर स्प्रिंगने आपल्या रांगेत परत यायला हवी. इथे जड वाटत असेल तर थांबा आणि कारण शोधा. जड नळीवर केलेली सेटिंग फसवी असते, कारण लिव्हर स्वतः परत येत नाही आणि पुढच्या गिअरला चुकीच्या रांगेतून सुरुवात होते.

सेटिंग

क्रम पक्का आहे: आधी सिलेक्टर, मग शिफ्ट. उलट केलं तर बोट चुकीच्या फोर्कसमोर उभं असताना तुम्ही शिफ्ट जुळवत बसता.

बॉक्स न्यूट्रलमध्ये आणा. खात्री करायची तर ठोकळे आणि हँडब्रेक क्षणभर काढून, पण स्टँड न लावलेल्या अवस्थेत, क्लच न दाबता गाडी हाताने ढकला, सहज सरकली पाहिजे. पुन्हा सगळं लावून घ्या. बॉक्सचा सिलेक्टर आर्म तिसऱ्या-चौथ्याच्या रांगेत ठेवा. आतल्या माणसाने लिव्हर त्याच रांगेत, न्यूट्रलच्या उंचीला हलकेच धरायचा, ओढायचा नाही. आता सिलेक्टर रॉडची लांबी अशी करा की पिन दोन्ही भोकांतून हाताने, न ठोकता, शिरेल. हातोडी लागली तर लांबी चुकलेली आहे.

पिन तात्पुरती घाला. लिव्हर पहिल्या-दुसऱ्याच्या रांगेच्या टोकाला न्या आणि खालून बॉक्सचा आर्म हाताने त्याच दिशेला आणखी ढकलून बघा. तो आणखी गेला तर लिंकेज त्याला शेवटपर्यंत नेत नाही. रिव्हर्सच्या बाजूलाही हेच. एका बाजूला कमी आणि दुसरीकडे जास्त असेल तर रॉड अर्धा फेरा फिरवा. ८ मिलिमीटरच्या नेहमीच्या आट्याला एका फेऱ्यात १.२५ मिलिमीटर सरकतं, म्हणजे अर्ध्या फेऱ्यात साधारण ०.६. त्याहून मोठी उडी एकदम घेऊ नका. काही रॉडच्या एका टोकाला उलटे आटे असतात. तसं असेल तर पिन न काढता रॉड जागेवरच फिरवता येतो.

शिफ्ट रॉडची पद्धत तीच: दोन्ही बाजू न्यूट्रल, पिन हाताने आत. मग तिसरा टाका. टक ऐकू आल्यानंतर लिव्हर थोडा पुढे जाऊन अडायला हवा, मुठीपाशी ५ ते १० मिलिमीटर. चौथ्यालाही तेवढंच. लिव्हर टक व्हायच्या आधीच डॅशबोर्डला किंवा कॉलमच्या खाचेला टेकत असेल तर गिअर अर्धाच लागतो. अर्धा लागलेला गिअर चालतो, म्हणूनच तो घातक आहे. दातांची टोकं गोल होत जातात, गिअर उडायला लागतो, आणि मग खरोखरच बॉक्स खोलावा लागतो. खालून तीच परीक्षा इथेही करा: लिव्हरने गिअर टाकल्यावर बॉक्सचा शिफ्ट आर्म हाताने आणखी आत जातो का? जाऊ नये.

लॉक नट आवळताना रॉड पक्कडीने धरा, नाहीतर नटाबरोबर तोही फिरतो आणि केलेली सेटिंग हलते. रॉडच्या टोकात आट्यांची लांबी व्यासाच्या किमान दीडपट गुंतलेली हवी, ८ मिलिमीटरच्या रॉडला १२ मिलिमीटर. स्प्लिट पिना नव्याच. जुनी सरळ करून पुन्हा वापरलेली पिन दुसऱ्या वाकवणीतच थकलेली असते. शेवटी इंजिन बंद ठेवून पाचही जागा दहा-दहा वेळा टाका. चुकून रिव्हर्सकडे हात जातो का, ते मुद्दाम बघा.

वर्कशॉप मॅन्युअलमध्ये तुमच्या मॉडेलचं रॉडच्या लांबीचं माप दिलेलं असेल तर सुरुवात तिथून करा.

तीन गिअरची अमेरिकन गाडी असेल तर

प्लायमाउथ, डॉज, शेव्हर्ले यांचं गणित वेगळं आहे. तिथे रांगेची निवड बॉक्सपाशी न होता कॉलमच्या तळाशीच होते. नळीवरची आडवी पिन खाली-वर सरकून दोनपैकी एका आर्मच्या खाचेत शिरते: एक आर्म पहिला आणि रिव्हर्सचा, दुसरा दुसऱ्या-तिसऱ्याचा. प्रत्येक आर्मचा रॉड थेट आपापल्या फोर्ककडे जातो. नकाशाही ठरलेला आहे: आपल्याकडे ओढून वर रिव्हर्स, ओढून खाली पहिला, मोकळा सोडून वर दुसरा, खाली तिसरा.

सेटिंग सोपी आहे. बॉक्स न्यूट्रलमध्ये ठेवून तळाशी असलेले दोन्ही आर्म एका रेषेत आणायचे. अनेक मॉडेलांत त्यासाठी भोक दिलेलं असतं, त्यातून ६ मिलिमीटरची सरळ सळई आरपार घालायची, दोन्ही रॉडचे नट सैल करून त्यांना आपोआप आपल्या जागी येऊ द्यायचं आणि आवळायचं. सळई काढायला विसरू नका. खाचांच्या कडा गोल झाल्या असतील तर आडवी पिन दोन्ही आर्मच्या मध्येच अडकते. ती जागा भरून कानसीने पुन्हा चौकोनी करावी लागते.

भर रस्त्यात अडकलं तर

तीन हात नाक्याच्या सिग्नलला लिव्हर अडकला तर जोर लावू नका, ब्रॅकेट वाकतो. आधी इंजिन बंद करा. अमेरिकन पद्धतीच्या गाडीत बॉनेट उघडून तळाचे दोन आर्म बघा, एक पुढे आणि एक मागे दिसेल. क्लच दाबून धरायला कुणाला सांगा, मागे राहिलेला आर्म हाताने दुसऱ्याच्या रेषेत आणा, लिव्हर सुटतो.

पद्मिनी-अ‍ॅम्बेसेडरमध्ये बहुतेक वेळा स्प्लिट पिन गळून रॉडच निसटलेला असतो. डिकीत दोन-तीन मापांच्या पिना, वॉशर, पक्कड आणि मीटरभर लवचिक तार ठेवलेली असली की दहा मिनिटांचं काम. पिनच नसेल तर तारेचे दोन-तीन वेढे मारून, टोकं पिळून, घरापर्यंत जाता येतं. तेही शक्य नसेल तर गाडी कडेला ढकला, चाकांना दगड लावा, आणि इंजिन बंद असताना बॉक्सचा आर्म हाताने दुसऱ्या गिअरमध्ये बसवा. मग दगड काढून, क्लच दाबून स्टार्ट करा आणि तेवढ्या एका गिअरवर सावकाश गॅरेज गाठा. चढ टाळा, क्लच जळेल.

चाचणी आणि नंतर

रस्त्यावरची चाचणी रविवारी पहाटे. उपवनहून येऊरकडे चढणारा रस्ता किंवा बेलापूरची पारसिक हिल, दोन्ही चांगल्या: चढताना दुसऱ्यात ताण देऊन, उतरताना त्याच गिअरमध्ये ॲक्सिलरेटर सोडून. चढताना उडतो तर माउंटिंग आणि शिफ्ट रॉड पुन्हा बघा. उतरताना, इंजिन ब्रेक लागत असताना उडतो आणि आर्म पूर्ण आत बसतोय याची खात्री झालेली आहे, तर आता बॉक्स खोलायचं बोला.

पहिल्या शंभर-दोनशे किलोमीटरनंतर लॉक नट पुन्हा तपासा, कारण नवे बुश वापराने थोडे दबतात. पुढे पावसाळ्याआधी आणि नंतर असं वर्षातून दोनदा ग्रीस पुरे. मात्र साचलेल्या पाण्यातून गाडी गेली असेल तर त्याच आठवड्यात, कारण खालच्या सांध्यांतलं ग्रीस धुऊन जातं आणि पिना गंजतात.

राहता राहिला फ्लोअर गिअरचा मोह. हँड गिअरची कटकट नको म्हणून फरशी कापून दांडा बसवून देणारे आहेत. ५० वर्षं पूर्ण झालेली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवायची असेल तर हा विचार सोडा. २०२१च्या केंद्रीय नियमांप्रमाणे त्या नोंदणीला गाडी मूळ स्वरूपात हवी, आणि चॅसिस, बॉडी शेल किंवा इंजिनात मोठा बदल झालेला चालत नाही. नव्या नोंदणीचं शुल्क २० हजार रुपये आहे, नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं येतात. बाकाच्या खाली कापलेली फरशी तपासणीला आलेल्याला पहिल्यांदा दिसते. आधीच्या मालकाने तसा बदल केलेला असेल, तर कुर्ल्यात पूर्ण कॉलम, ब्रॅकेट आणि बॉक्सचे दोन्ही आर्म एकाच गाडीतून निघालेले मिळतात का ते बघा. वेगवेगळ्या गाड्यांचे तुकडे जोडले तर आर्मच्या लांब्या जुळत नाहीत, आणि हालचाल दोन्ही टोकांना कमी पडते.